कोणती रात्र श्रेष्ठ? ग्रेटफुल डेडच्या टेप्स आणि त्यांचे रसिक

८ मे १९७७. न्यूयॉर्क राज्यातल्या इथका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ग्रेटफुल डेड या बँडचा कार्यक्रम झाला. मे महिना असूनही बाहेर बर्फ पडत होता. बँडसाठी ती दौऱ्यातली आणखी एक रात्र होती. आदल्या रात्री बॉस्टन झालं होतं, दुसऱ्या रात्री बफेलोला वाजवायचं होतं. या एका रात्रीवर पुढे पीटर कॉनर्स यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत २०११ साठी तिची निवड केली. अधिकृत अल्बम म्हणून ती बाजारात आली २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. तोपर्यंत तिच्या कॅसेट्स जगभर फिरल्या होत्या. ‘डेडचा सर्वोत्तम कार्यक्रम हाच’ असं म्हणणारे आणि ‘मुळीच नाही’ म्हणणारे यांची एक पिढी वाद घालत म्हातारीसुद्धा झाली होती.

बाकीच्या बहुतेक रॉक बँडांची पारख त्यांच्या स्टुडिओतल्या अल्बमवरून होते. ग्रेटफुल डेडची तशी होत नाही. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २३०० कार्यक्रम केले आणि त्यांतल्या बहुतेकांचं काही ना काही मुद्रण आज उपलब्ध आहे. गाण्यांचा क्रम ठरलेला नसे. काल वाजवलेलं आज सहसा वाजवत नसत. एकच गाणं एका रात्री दहा मिनिटांत संपे, दुसऱ्या रात्री पाऊण तास चाले, आणि त्यातून भलतंच गाणं निघे. अशा बँडचे चाहते तुलना करणारच. ‘डेडहेड’ म्हणवणाऱ्या या रसिकांच्या तोंडी गाण्याच्या नावाआधी तारीख येते.

या वादाकडे लोक आवडीनिवडीचा मामला म्हणून पाहतात. मला तो त्याहून गंभीर वाटतो. श्रेष्ठ रात्र ठरवताना आपण निकाल देतो वादनाचा, पण पुरावा असतो टेपचा. ती कोणी केली, कुठे उभं राहून केली, पुढे ती कोणाच्या हाती पडली, या सगळ्याचा त्या निकालात वाटा असतो. डेडच्या रसिकांची थोरवी ही, की त्यांना हे लवकर उमगलं आणि त्यांनी त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली.

सुरुवात बँडच्या आतूनच झाली. ध्वनियोजना सांभाळणारे आउस्ली स्टॅन्ली, म्हणजे ‘बेअर’, आपल्या मिक्सिंगमधल्या चुका कळाव्यात म्हणून रोजचा कार्यक्रम टेपवर घेत. या टेप्सना ते ‘सॉनिक जर्नल’, म्हणजे ध्वनीची रोजनिशी, म्हणत. फक्त डेडच नव्हे, त्याच मंचावर वाजवणारे इतरही त्यांनी टिपले. त्यांच्या मागे राहिलेल्या रिळांची संख्या १३०० च्या वर आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला डेडच्या आधी ऑलमन ब्रदर्स वाजवत होते. तेही आज ऐकता येतं ते आउस्लींमुळेच.

दुसरीकडे श्रोत्यांमधून मायक्रोफोन उंचावणारे लोक तयार होत होते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला टेप्सची विनामूल्य देवाणघेवाण करणारा एक गट उभा राहिला. १९७४ मध्ये त्यातूनच एक पत्रिका निघाली, जी पुढे ‘रेलिक्स’ या नावाने मोठी झाली. नियम एकच होता: टेप विकायची नाही. समोरच्याने कोऱ्या कॅसेट्स आणि टपालखर्च पाठवायचा, तुम्ही प्रत करून परत धाडायची. बँडने आधी काणाडोळा केला आणि पुढे रीतसर जागा दिली. २७ ऑक्टोबर १९८४ ला बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये मिक्सिंग बोर्डाच्या मागे अशा मुद्रण करणाऱ्यांसाठी, म्हणजे ‘टेपर’ मंडळींसाठी, पहिल्यांदा स्वतंत्र विभाग राखला गेला, आणि तिथे वेगळं तिकीट घेऊन मायक्रोफोनच्या काठ्यांचं रानच उभं राहू लागलं. रॉक संगीताच्या धंद्यात हा निर्णय विलक्षण होता. लेड झेपेलिनचे व्यवस्थापक पीटर ग्रँट चोरून मुद्रण करणाऱ्यांच्या अंगावर धावून जात. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या माइक मिलर्डला झेपेलिनच्या कार्यक्रमात आपली यंत्रसामग्री चाकांच्या खुर्चीत लपवून न्यावी लागे. २१ जून १९७७ ची त्याची टेप आजही झेपेलिनच्या श्रोत्यांमधून झालेल्या सर्वोत्तम मुद्रणांत गणली जाते.

आता टेपच्या जातकुळीकडे. इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मा वाद इथेच आहे.

साउंडबोर्डची टेप म्हणजे मिक्सिंग बोर्डातून थेट काढलेली. तिच्यात प्रत्येक वाद्य जवळून ऐकू येतं, कुजबुज नाही, टाळ्या दूरवर. नव्या माणसाला तीच श्रेष्ठ वाटते. पण बोर्डातून जातो तो फक्त सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांना लागणारा आवाज. लहान सभागृहात गिटारचे ॲम्प्लिफायर मंचावरच इतके मोठे असतात, की बोर्डात गिटार फारशी घ्यावीच लागत नाही. परिणामी टेपवर गळा पुढे येतो आणि गिटार मागे पडते. १९७४ च्या ‘वॉल ऑफ साउंड’ या अवाढव्य योजनेत स्पीकर वादकांच्या पाठीमागे होते. त्यांचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू नये म्हणून प्रत्येक गायकासमोर उलट्या फेजमध्ये जोडलेले दोन माइक लावत. गायक एकातच गाई. दोन्हींत सारखा शिरणारा बाहेरचा गलका एकमेकांना खोडून काढी, पण त्यात गळ्याचा भरीवपणाही जाई. त्या वर्षीच्या टेप्स ऐकून ‘गाणं पातळ झालं होतं’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. पातळ झाला होता तो माइकमधून आलेला आवाज. त्या वर्षीचं वादन बँडच्या सर्वांत धाडसी वादनांपैकी आहे.

श्रोत्यांमधली टेप उलट स्वभावाची. तिच्यात खोली असते, भिंतींवरून परतणारा आवाज असतो, शेजारच्याची बडबडही असते. आणि साउंडबोर्डवर कधीच न सापडणारी एक गोष्ट असते: एखादं वळण आलं तेव्हा हजारो माणसांनी एकदम सोडलेला श्वास. मला स्वतःला अभ्यासासाठी साउंडबोर्ड आणि मन लावून ऐकायला श्रोत्यांमधली टेप आवडते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या दोहोंचा मेळ घालणाऱ्या ‘मॅट्रिक्स’ टेप्स आल्या आणि हे भांडण थोडं निवळलं.

याशिवाय पिढ्यांचा प्रश्न होता. कॅसेटवरून कॅसेट करताना दर वेळी खरखर वाढते, वरचे स्वर मावळतात. म्हणून टेप घेताना पहिला प्रश्न असे, ‘कितवी जनरेशन?’ एका डेकचा वेग किंचित जास्त असला की सगळी मैफल अर्धा स्वर चढलेली आणि त्यामुळे उगाच तडफदार वाटे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळिसाव्या मिनिटाला संपे, आणि एखाद्या गाण्याचा गाभाच नेमका बाजू उलटताना गळून पडे. वर्षानुवर्षं काही रात्रींना ‘तुटक’ म्हणून दुय्यम मानलं गेलं ते केवळ यामुळे.

आता पुन्हा कॉर्नेल. त्या वसंतात बँड इतका घट्ट का वाजत होता याचं कारण सांगता येतं. दौऱ्याआधी ‘टेरापिन स्टेशन’ या अल्बमचं काम चालू होतं, आणि निर्माते कीथ ओल्सन यांनी त्यांच्याकडून कसून तालीम करून घेतली होती. बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट हे दोन ड्रमवादक एका देहाने वाजवल्यासारखे ऐकू येतात. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ मधून ‘फायर ऑन द माउंटन’ मध्ये जाताना जो पूल बांधला जातो, तिथे फिल लेश यांचा बास नवी लय आधी सुचवतो, मग मागे घेतो, मग पुन्हा सुचवतो. गिटारवादक जेरी गार्सिया कोणत्या क्षणी पलीकडे पोचले हे शंभरदा ऐकूनही नेमकं सांगता येत नाही. शेवटाकडच्या ‘मॉर्निंग ड्यू’ मध्ये गार्सिया यांची गिटार हळूहळू चढत जाते आणि शिखरावर थांबायलाच तयार होत नाही. हे वादन थोर आहे, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही.

पण ही टेप एवढी प्रसिद्ध का झाली, याचं उत्तर निराळं आहे. ती बेटी कँटर-जॅक्सन यांनी केली होती. बँडच्या ध्वनिमुद्रकांमध्ये त्यांच्याइतका तोल कोणाला साधला नाही. रिळं त्यांच्याकडेच होती. पुढे आर्थिक ओढाताणीत गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात शेकडो तासांची मास्टर रिळं परक्या हातांत गेली. त्यांच्या स्वच्छ प्रती काढल्या गेल्या, आणि ‘बेटी बोर्ड’ या नावाने त्या देशभर पसरल्या. ज्यांच्या कपाटात सहाव्या-सातव्या जनरेशनच्या खरखरीत टेप्स होत्या, त्यांच्या हाती अचानक ही काचेसारखी स्वच्छ रात्र आली. हजारोंची डेडशी पहिली ओळख याच कॅसेटने झाली, आणि पहिल्या ओळखीचं प्रेम पुढे सहसा ढळत नाही. दुसऱ्याच रात्रीची बफेलोची मैफल, जिची सुरुवातच ‘हेल्प ऑन द वे’ च्या अवघड साखळीने होते, माझ्या मते कॉर्नेलच्या तोडीस तोड आहे. पहिल्या भागात तर ती वरचढच आहे.

‘फायर ऑन द माउंटन’ ची कुळकथा मराठी वाचकाने जरूर ऐकावी. मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे ताल शिकले, आणि डेडने अकरा मात्रांत ‘द इलेव्हन’ सारखी रचना बसवली त्यामागे हे शिक्षण आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलला अली अकबर खाँ यांचं संगीत महाविद्यालय आहे. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन तिथे शिकवत असताना त्यांनी आणि हार्ट यांनी ‘दिगा ऱ्हिदम बँड’ उभा केला. १९७६ च्या त्यांच्या अल्बममध्ये ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ ही रचना आहे आणि तिच्यात गार्सियांची गिटार आहे. तीच रचना रॉबर्ट हंटर यांचे शब्द लेवून मार्च १९७७ मध्ये ‘फायर ऑन द माउंटन’ म्हणून डेडच्या मंचावर आली. कॉर्नेलला ती जेमतेम दोन महिन्यांची होती. ज्या रात्रीवरून अमेरिकेत पन्नास वर्षं वाद चालला आहे, तिच्या मध्यभागी मुंबईच्या तबल्याशी नातं सांगणारी चीज आहे. आपल्याकडे झाकीरभाईंवर एवढं लिहिलं जातं, त्यात हे क्वचितच येतं.

कॉर्नेलला आव्हान देणाऱ्या रात्री कोणत्या? १३ आणि १४ फेब्रुवारी १९७० चं फिलमोर ईस्ट हे जुन्या मंडळींचं उत्तर. ‘पिगपेन’ मॅककर्नन तेव्हा बँडमध्ये होते, ब्ल्यूजचा मळकट जोर होता, आणि ‘डार्क स्टार’ अजून खरोखर अंधारात चाचपडत होता. ११ मे १९७२ ला रॉटरडॅमला याच गाण्याने पाऊण तासाची मर्यादा ओलांडली. शेवटच्या काळाचे पुरस्कर्ते २९ मार्च १९९० चं नाव घेतात, जेव्हा सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ कोलिझियममध्ये पाहुणे म्हणून आले आणि अख्खा बँड त्यांच्याकडे कान लावून वाजवू लागला.

माझं मत २७ ऑगस्ट १९७२ ला. ऑरेगनमधल्या व्हेनेटा इथे कादंबरीकार केन कीझी यांच्या भावाची डेअरी वाचवण्यासाठी हा मदतीचा कार्यक्रम झाला. तिकिटं दह्याच्या लेबलांवर छापली होती. उन्हाचा कहर असा की गिटारी सुरात राहीनात. टेपवर त्या बेसूर होतात आणि पुन्हा लावल्या जातात, तेही ऐकू येतं. पण अर्ध्या तासाहून मोठा ‘डार्क स्टार’ सुरू होतो आणि क्रॉइट्झमन एकटेच ड्रमवर आहेत हे लक्षात येतं. हार्ट त्या काळात बँडमध्ये नव्हते. एका ड्रमवादकाच्या बँडला जी वळणं घेता येतात, ती दोघांच्या बँडला घेता येत नाहीत. कोणीही कोणाच्या मागे जात नाही, तरी कोणीही एकटा पडत नाही. कॉर्नेलमध्ये मला कसलेली टोळी ऐकू येते, व्हेनेटात एकत्र विचार करणारी माणसं. २०१३ पर्यंत ही मैफल अधिकृतपणे निघाली नव्हती.

प्रसंग मोठा म्हणून रात्र मोठी होत नाही, हेही टेप्सनीच दाखवून दिलं. ऑगस्ट १९६९ चं वुडस्टॉक जगाला ठाऊक आहे. ओल्या मंचावर विजेचे झटके बसत होते आणि तिथलं आपलं वादन फसलं हे बँडनेच मान्य केलं. सप्टेंबर १९७८ मध्ये ते गिझाच्या पिरॅमिडपाशी वाजवायला गेले, शेवटच्या रात्री चंद्रग्रहण होतं. पण पियानो सुरात नव्हता आणि क्रॉइट्झमन यांचा हात मोडलेला होता. ते मुद्रण तीस वर्षं कपाटात राहिलं.

याहून जिव्हारी लागणारा प्रश्न आहे ज्या रात्री नीट टिपल्याच गेल्या नाहीत त्यांचा. १९७० च्या उन्हाळ्यात आउस्ली तुरुंगात गेले. त्यानंतरच्या महिन्यांतल्या साउंडबोर्ड टेप्स जवळजवळ नाहीतच. उरल्या त्या श्रोत्यांमधून साध्या यंत्रांवर केलेल्या. गुरगुरत्या आवाजाखाली दबलेलं ते वादन चिकाटीने ऐकलं तर लक्षात येतं, की त्या शरद ऋतूतला बँड कोणत्याही वर्षाशी बरोबरी करणारा होता. तरी लोकप्रिय याद्यांमध्ये तो काळ वर येत नाही. म्हणून केवळ याद्या पाहून श्रेष्ठ वर्षं ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

अधिकृत प्रकाशनांनी या वादात भरही घातली आणि गोंधळही. १९६९ चा ‘लाइव्ह/डेड’ सोळा ट्रॅकवर, मोठ्या निगुतीने मुद्रित झाला. ‘युरोप ७२’ वर मात्र गळे नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन चढवलेले आहेत. तो अल्बम प्रत्यक्ष मैफल म्हणून ऐकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. २०११ मध्ये १९७२ च्या त्या युरोप दौऱ्याचे सगळे २२ कार्यक्रम ७३ सीडींमध्ये आले, तेव्हा खरी तुलना शक्य झाली. त्याआधी १९९३ मध्ये डिक लॅटव्हाला यांनी ‘डिक्स पिक्स’ मालिका सुरू केली. हा माणूस टेप जमवणाऱ्या चाहत्यांतूनच वर येऊन बँडचा अभिलेखपाल झाला होता. मुद्रण जसं आहे तसं द्यायचं, दोष असतील तर वेष्टणावर सांगायचं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. १९९९ मध्ये ते वारले, मालिका ३६ भागांपर्यंत गेली. इतर बँडांनी यातून धडा घेतला. पर्ल जॅमने २००० च्या दौऱ्यातले ७२ कार्यक्रम एकामागोमाग एक स्वतःच बाजारात आणले.

तुलनेचं टोक गाठलं ते संगीतकार जॉन ऑसवल्ड यांनी. १९६८ ते १९९३ या काळातल्या शंभराहून अधिक ‘डार्क स्टार’ मुद्रणांचे तुकडे एकमेकांवर रचून त्यांनी ‘ग्रेफोल्डेड’ ही दोन सीडींची रचना केली. तिथे तरुण गार्सिया आणि प्रौढ गार्सिया एकाच वेळी वाजवतात. श्रेष्ठ कोण या प्रश्नाला इतकं सुंदर उत्तर दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

हे सगळं शक्य झालं ते नोंदींमुळे. १९८७ मध्ये ‘डेडबेस’ निघालं, ज्यात तारीखवार गाण्यांच्या याद्या होत्या. १९९८ पासून तीन खंडांत आलेल्या ‘डेडहेड्स टेपिंग कंपेंडियम’ मध्ये प्रत्येक टेपचा उगम, दर्जा आणि प्रतींची वंशावळ लिहून मगच वादनाबद्दल मत दिलेलं आहे. मला ही पद्धत समीक्षेचा आदर्श वाटते. नोंद नसली की काय होतं ते बॉब डिलन यांच्या १९६६ च्या प्रसिद्ध टेपवरून दिसतं. ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून वर्षानुवर्षं विकली आणि वाखाणली गेली. प्रत्यक्षात ती होती १७ मे १९६६ ची, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली.

महाराष्ट्रात हे वाचताना आपल्या घरातली कपाटं आठवावीत. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी यांच्या खासगी मैफलींच्या कॅसेट्स आपल्या रसिकांनीही प्रेमाने केल्या, एकमेकांना दिल्या, कुठला यमन जास्त रंगला यावर रात्री जागवल्या. पण त्यांतल्या कितीतरी कॅसेट्सवर फक्त रागाचं नाव आहे. तारीख नाही, गाव नाही, तबल्यावर कोण होतं ते नाही. ज्यांच्यासमोर त्या मैफली झाल्या ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्याकडे अशी एखादी पेटी असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून कॅसेट लावा आणि त्यांना आठवेल ते वहीत लिहून घ्या: दिवस, ठिकाण, साथीदार, मूळ टेप की प्रत. मग कॅसेटचं डिजिटल रूपांतर करून घ्या, आणि एक प्रत मुंबईच्या एनसीपीएसारख्या किंवा गुरुग्रामच्या एआरसीई (आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी) सारख्या संग्रहाकडे द्यायची तयारी ठेवा. हे काम याच वर्षी करा.